बगळी रिबिट

४ जून

दादा,

तीर्थरूप लिहायला पेन उचललं होतं, पण ते तुझ्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर अडलं. तेव्हा नुसतं दादा.

पार्सल मिळालं. दोरी बाबांनी सोडली. हल्ली त्यांना एका गाठीला पाव तास लागतो, पण कात्री लावू देत नाहीत. मुखपृष्ठावरचा तुझा कोटातला फोटो बघून म्हणाले, "पोट सुटलंय." मग ते चष्मा शोधायला उठले आणि तेवढ्यात मी शेवटचं प्रकरण काढलं. ‘कार्यशाळेतले शब्द’. वाटलं, वा, एवढा मोठा सर झाला, स्वतःचं ट्रेनिंग स्कूल काढलं, तरी आपलं दुकान विसरला नाही. ‘मामा-माप’ वाचून तर मी मोठ्यानं हसले. मामानं पहिल्याच दिवशी एका गृहस्थांच्या अधू पायाचं माप बूट न काढता घेतलं, पायाला आधार द्यायचा तो कॅलिपर अंगठाभर लांब झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडे चुकीच्या मापाला मामाचं नाव पडलं, हे तू झकास लिहिलं आहेस. मामा असता तर त्यानं स्वतः दहा प्रती वाटल्या असत्या.

त्याच्याखाली मी आहे.

"बगळी: वरून घट्ट दिसणारा, पण आतून न बसलेला रिबिट. उगम: माझ्या वडिलांच्या कार्यशाळेत बगळी या टोपणनावाच्या एका शिकाऊ मुलीने घाईत असा रिबिट मारला. त्यामुळे एका महिलेला गंभीर दुखापत झाली. विद्यार्थ्यांनी यातून धडा घ्यावा."

एका शिकाऊ मुलीने. दादा, ही शिकाऊ मुलगी तुझी बहीण आहे. ऐरणीपाशी एक पाय दुमडून उभी राहायची म्हणून तिला बगळी तूच म्हणायला लागलास. मग बाबा म्हणाले, मामा म्हणाला, आणि मग ती बाई पडली तेव्हापासून अख्खं दुकान ढिल्या रिबिटाला बगळी म्हणायला लागलं. एकतीस वर्षं मी हे ऐकून घेतलं. "जरा बघ, बगळी असेल." "ह्या पट्टीत बगळी निघाली." माझ्यासमोर, माझ्या पाठीमागे, माझ्याच दुकानात, मी पगार देते त्या माणसांच्या तोंडून. सवय झाली होती. तोंडातल्या तोंडात बोललेलं वाऱ्यावर जातं असं मी मनाला सांगत होते. तू ते छापलंस.

आणि तो रिबिट मी मारलेला नव्हता. तो तू मारलास. तुला आठवत नसेल तर मी सांगते, मला लख्ख आठवतं. पोस्टाच्या खिडकीवरच्या टपालबाईंचा डाव्या पायाचा कॅलिपर होता. गुडघ्याच्या सांध्यात दोन्ही पट्ट्या जोडणारा बाहेरचा रिबिट राहिला होता. तुला दुसऱ्या दिवशी परवान्याची तोंडी परीक्षा होती आणि पाचची गाडी पकडायची होती. तू तीन घाव घातलेस. त्या रिबिटाला निदान बारा लागतात, शेपूट भोकात पसरायला वेळ लागतो, हे तू तुझ्याच पुस्तकात चव्वेचाळिसाव्या पानावर लिहिलं आहेस. मग हातोडी ठेवून सदरा बदलायला गेलास.

बाराव्या दिवशी टपालबाई पोस्टाच्या पायऱ्या उतरताना तो सांधा निखळला. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर होत्या, आणि त्यानंतर कॅलिपरबरोबर कुबडीही आली ती आजपर्यंत सुटली नाही.

मी त्या रिबिटाला हातोडी लावलेली नाही.

चिठ्ठीत तू लिहितोस की ऑगस्टमध्ये दुसरी आवृत्ती निघते आहे, काही सुचवायचं असल्यास कळव. कळवते आहे. एकशे बारा पान दुरुस्त कर.

बाबांना अजून वाचून दाखवलेलं नाही. चष्मा सापडला आहे, पण पुस्तक मी कपाटात ठेवलं आहे.

तुझी बहीण


२३ जून

दादा,

तुझं उत्तर आलं. सात ओळी. त्यातल्या दोन हवापाण्याच्या.

"इतकी जुनी गोष्ट, तुला तिथं कोण ओळखतंय, नाव कुठं छापलंय, गमतीनं घे." गमतीनं? मामा-माप गमतीनं घेता येतं, कारण मामानं खरंच बूट न काढता माप घेतलं होतं आणि तो स्वतः ती गोष्ट चौकात सांगत फिरायचा. माझी गंमत तू केलीस आणि हसायचंही मीच, असं चालत नाही.

आणि कोण ओळखतंय म्हणतोस? गेल्या वर्षी मोठ्या दवाखान्यातला टेक्निशियन माझ्याकडे आला होता. मी बनवलेला कॅलिपर हातात घेऊन म्हणाला, "बाई, यात बगळी नाही ना कुठं?" त्याला माहीतही नव्हतं की तो कुणाशी बोलतोय. दोन गावं पलीकडं शिकून आलेला माणूस. मी म्हटलं, नाही. तो गेल्यावर मी सगळे रिबिट पुन्हा हलवून पाहिले. घट्ट होते. तरी पाहिले.

तुझं ते प्रकरण मी तीनदा वाचलं. तू विद्वान झाला आहेस, शब्दांची मुळं खणून काढली आहेस, तेव्हा मलाही एक शंका विचारू दे. घिसाडघाई. तू लिहितोस की घिसाडी लोक रस्त्याकडेला भाता मांडून लोखंड ठोकायचे, भराभर ओबडधोबड काम करायचे, त्यावरून हा शब्द. ठीक. पण त्या घिसाड्याच्या समोर कुणीतरी उभा असेल ना? "आटप रे लवकर, मला पुढं जायचंय," म्हणून डोक्यावर उभा राहिलेला? घाई त्याची, आणि नाव घिसाड्याचं. पाट्या टाकणे. दिवसभर उन्हात मातीच्या पाट्या वाहणाऱ्यानं संध्याकाळी चार पाट्या कशातरी ओतल्या, झाला शब्द. वेठ वारणे. माणसाला फुकट राबायला धरून आणायचं, आणि त्यानं काम कसंबसं उरकलं की त्याच्याच नावानं बोटं मोडायची. धरून आणणाऱ्याच्या नावाचा एकतरी शब्द तुझ्या प्रकरणात आहे का? असला तर पान नंबर कळव.

मला नाही सापडला. चूक कुणाचीही असो, शब्द कुणाच्या गळ्यात पडतो हे मला आता चांगलं कळतं. मला शाळेत कुणी शिकवलं नाही, तुझ्या पुस्तकानं शिकवलं.

बाबांनी दुकानात पायावरच्या म्हणी बंद केल्या होत्या, आठवतं? कुणी ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ म्हटलं की दिवसभर चामडं भिजवायला बसवायचे. म्हणायचे, समोर बसलेल्या माणसाला काय वाटेल. फार हळवे होते बाबा. माझ्या नावाच्या शब्दावर मात्र त्यांनी कधी बंदी घातली नाही.

आणि तुला वाटतं की शब्दच तर आहे, शब्दानं काय होतं. सांगते काय होतं. बाई पडल्यावर बाबांनी मला गुडघ्याच्या सांध्याला हात लावू दिला नाही. चामडी पट्टे शिव, म्हणाले. किती वर्षं माहीत आहे? अकरा. तू परवाना घेऊन तीन महिन्यांत निघून गेलास, तिकडे घर केलंस, आणि मी एकोणीस वर्षांची होते ती तिशीत आले तोपर्यंत सुई आणि मेणाचा दोरा. मामाचा हात लकव्यानं गेला म्हणून मला हातोडी मिळाली, नाहीतर मिळालीच नसती. आज या भागात माझ्याइतका घट्ट रिबिट कुणी मारत नाही. ते शिकायला मला तिशी उजाडावी लागली याचा हिशेब कुणाकडे मागू? तुझ्याकडेच मागते.

वहिनीनं फोन केला होता. म्हणाली, ताई, यांना रक्तदाब आहे, जरा सांभाळून लिहा. तिला माझा नमस्कार सांग. मी सांभाळूनच लिहिते आहे.

बहीण


१५ जुलै

दादा,

अखेर बोललास. तीन आठवडे गप्प बसलास आणि मग एक ओळ पाठवलीस: "रिबिट माझा असेल, पण खूण तुझी होती."

हो. होती.

पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, हातोडी लावली नाही, आणि ते खरं आहे, पण ते लिहिताना खडू कुणाच्या हातात होता हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. तू ते राखून ठेवलंस, मी लपवून ठेवलं. आपण एकाच घरचे, दुसरं काय.

आपला नियम होता: सांधा झाला की दुसऱ्यानं दोन्ही पट्ट्या धरून कानाशी हलवायचा, टिकटिक आली नाही तरच आतल्या बाजूला खडूची रेघ मारायची. तू सदऱ्याची बटणं लावत दारातून म्हणालास, "बगळे, रेघ मार गं, मला जायचंय." मी रेघ मारली. हलवून पाहिलं नाही. तुझं काम होतं म्हणून पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर पाहिलं असतं. मला वाटायचं तुझ्या हातून वाकडं काही होतच नाही. मूर्ख होते. धांदरट, वेंधळी, धसमुसळी, लहानपणापासून हे सगळे शब्द मला लावले तुम्ही, पण त्या दिवशी मी जे केलं त्याला लावायला तुमच्यापैकी कुणाकडेच शब्द नव्हता. म्हणून तुझ्या चुकीचा शब्द मला लावला.

पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. चोराच्या उलट्या बोंबा मारू नकोस. मी बघितलं नाही, हा माझा गुन्हा. तू मारला, तुला ठाऊक होतं की तीनच घाव घातले आहेत, आणि एकतीस वर्षांनी ते दुसऱ्याच्या नावावर छापून वर लिहिलंस की विद्यार्थ्यांनी धडा घ्यावा. यात तुझा हात धरणारा मात्र कुणी नाही.

तुझी ओळ वाचल्यावर मी बाबांपाशी गेले. ते खिडकीशी बसून चामड्याच्या वादीला भोकं पाडत होते. हात थरथरतो, पण भोकं अजून सरळ रेषेत येतात. मी पुस्तक काढून एकशे बारा पान वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. मी म्हटलं, "बाबा, तो रिबिट दादाचा होता."

बाबा म्हणाले, "माहीत आहे."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तो तुटलेला रिबिट टपालबाईंच्या भावानं आणून दिला ना, तेव्हाच. तो डावखुरा. डावखुऱ्याच्या रिबिटाचं डोकं उजवीकडं कलतं. डोळे मिटून ओळखतो मी."

दादा, एकतीस वर्षं मला वाटत होतं की बाबांनी खडूची रेघ बघितली आणि माझा दोष धरला. रेघ माझी होती म्हणून मीही तोंड उघडलं नाही. आणि इथं त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "मग दवाखान्याला अपघाताचा कागद पाठवला त्यात शिकाऊनं केलं असं का लिहिलंत?"

ते म्हणाले, "शिकाऊच्या नावावर चूक लिहिली की परवाना कुणाचाच जात नाही. त्याचा तर यायचा होता. ते थांबवलं असतं त्यांनी." आणि पुढचं भोक पाडत म्हणाले, "तुझं काय जाणार होतं?"

तुझं काय जाणार होतं. चिडून नाही म्हणाले, सहज म्हणाले, मीठ दे म्हणावं तसं. मी म्हटलं, "अकरा वर्षं गेली माझी." त्यावर म्हणाले, "पट्टे चांगले शिवायचीस."

मी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवण मात्र वेळेवर वाढलं, औषधाच्या गोळ्या मोजून दिल्या, आणि एवढ्या संतापातही ते चुकलं नाही याचा मला आणखी राग आला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू बोलत नाहीस, मग मला ओरडायला तरी कोण आहे?" मला हसू आलं. ते हसू आल्याचाही राग आला.

तू तिकडे बसून कागदावर दुरुस्त्या करतोस. इथं मी रोज त्यांच्या पायातले मोजे चढवते. दोघांवर रागवायचा मला पूर्ण हक्क आहे, पण वेळ एकावरच रागवायला मिळतो. तेव्हा त्यांच्या वाट्याचाही तूच घे.

बहीण


२ ऑगस्ट

दादा,

"दुसऱ्या आवृत्तीत तो शब्दच काढून टाकतो, विषय संपला." असं लिहून तू मोठं मन दाखवलंस असं तुला वाटलं असेल. वहिनीलाही वाटलं. तिनं फोनवर सांगितलं, "बघा ताई, नाव निघालं, झालं ना तुमच्या मनासारखं?"

नाही झालं. शब्द काढून काय होणार? तुझ्या शाळेतली दीडशे पोरं, दवाखान्यातले टेक्निशियन, माझ्या दुकानातले तिघं, सगळे ढिल्या रिबिटाला बगळीच म्हणणार. तो शब्द आता कुणाच्या बापाच्या हातात राहिलेला नाही, आपल्या बापाच्यासुद्धा. पान कोरं केलंस तर एवढंच होईल की शब्द राहील आणि खरं कुठंच लिहिलेलं नसेल. झाकून ठेवायची ही तुमची जुनी रीत. शब्द काढू नकोस. त्याच्या पुढचं बदल.

मी हे आधीच लिहिणार होते, पण टपालबाई येईपर्यंत थांबले. त्या दर पावसाळ्याआधी चामडं बदलायला येतात, यंदा उशीर झाला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. केस सगळे पांढरे, आवाज तोच, पोस्टाच्या खिडकीतून "पुढचा" म्हणायच्या तोच. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्या दुकानाचं तोंड पाहिलं नाही. सगळं गाव म्हणत होतं की जिनं पाडलं तिच्याकडेच जाते बाई, कमाल आहे. मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

मी त्यांचा पाय माझ्या स्टुलावर घेतला, जुना पट्टा सोडला आणि सांगून टाकलं. तीन घाव, पाचची गाडी, डावा हात, बाबांचा कागद. मान वर केली नाही. सांगताना मला वाटत होतं, आता ही बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवणार. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते.

त्यांनी विचारलं, "म्हणजे भावानं मारला."

"हो."

"आणि तपासला कुणी?"

"मी."

"हलवून?"

"नाही."

"का?"

"दादाचं काम होतं म्हणून."

मी नवा पट्टा लावला. मग त्या म्हणाल्या, "एक भोक सैल कर, टोचतंय." मी केलं. उठून कुबडी काखेत घेतली, पाय टाकून पाहिला, आणि दारापाशी वळून म्हणाल्या, "तुला मी कधीच माफ करून टाकलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, चुकली असेल, म्हटलं. आता तुम्ही तिघं निघालात. परत पहिल्यापासून आलं सगळं." मग आत बाबांकडं बघून म्हणाल्या, "बरे आहात ना?" आणि गेल्या.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत वादी हातात धरून बसले होते, एकही भोक पाडलं नाही.

दादा, मी तुझ्यावर रागावले होते ते माझं नाव खराब झालं म्हणून. दोन महिने त्याच एका गोष्टीवर मी तुला पत्रं लिहिते आहे. माझी अकरा वर्षं, माझं टोपणनाव, माझी रेघ. तू तुझी परीक्षा घेऊन बसला होतास, बाबा तुझा परवाना घेऊन बसले होते. त्या बाईच्या खुब्याबद्दल आपल्या तिघांपैकी कुणी किती ओळी लिहिल्या ते मोजून बघ. तुझ्या पुस्तकात तिला "एका महिलेला" असे दोन शब्द आहेत. माझ्या पत्रांतही फार नाहीत.

राग गेलेला नाही. समेटासाठी लिहिते आहे असं वहिनीला सांगू नकोस. पण आता मला काय हवं आहे ते मला नीट कळलं आहे, आणि ते मी बाबांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं, म्हणाले, "‘ओळखूनही’ लिही. नाहीतर मी हात न ओळखता लिहिलं असं कुणी समजायचा." तो शब्द त्यांचा आहे. बाकीचं माझं. छापखान्याला जायच्या आधी हे जसंच्या तसं एकशे बाराव्या पानावर घाल. एक अक्षर गाळलंस तर मी तुझ्या शाळेत येऊन फळ्यावर लिहीन, आणि मी येते म्हटलं की येते.

"बगळी: वरून घट्ट दिसणारा, पण आतून न बसलेला रिबिट. उगम: आमच्या वडिलांच्या कार्यशाळेत हा रिबिट मी, म्हणजे या पुस्तकाच्या लेखकाने, बाराच्या जागी तीन घाव घालून सोडला. माझ्या धाकट्या बहिणीने तो हलवून न पाहता खडूची रेघ मारली. वडिलांनी माझा हात ओळखूनही दोष तिच्या नावावर लिहिला, आणि तेव्हापासून या चुकीला तिचं नाव आहे. आम्हा तिघांपैकी कुणालाही खरचटलं नाही. पोस्टाच्या पायऱ्यांवरून पडली ती चौथीच बाई."

बहीण